लष्करी इतिहास आणि राष्ट्रीय सुरक्षा : शोधलेख छापायला निघालेल्यांचे नेहमीचे प्रश्न

इंदुरात आम्ही सात-आठ जण दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जमतो. दोन निवृत्त प्राध्यापक (त्यातला एक मी), महूहून येणारे दोन निवृत्त फौजी, एक निवृत्त बँकवाले काका, बाकीची पीएच.डी. करणारी मुलं-मुली. एकमेकांचे लेख वाचायचे, फाडायचे, पुन्हा लिहायला लावायचे, एवढाच उद्योग. गेल्या काही वर्षांत तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की ते एकदाचे लिहून ठेवलेले बरे.

माझा विषय 'महिदपूरची लढाई' आहे. यावर लेख होईल का?

हा विषय झाला, लेख नाही झाला. लेखाला प्रश्न लागतो. २१ डिसेंबर १८१७ ला क्षिप्रेच्या काठी हिस्लॉप आणि माल्कम या इंग्रज सेनापतींच्या फौजेने होळकरांचा पराभव केला, आदल्या दिवशी कारभार बघणाऱ्या तुळसाबाईंचा खून झाला होता, गादीवर अकरा वर्षांचे दुसरे मल्हारराव होते, आणि ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला. हे सगळं शाळेच्या पुस्तकातही सापडेल. तेच तुम्ही वीस पानांत सांगितलंत तर संपादक पहिल्या पानावरच थांबतो.

प्रश्न असा असावा : इंग्रजांनी नदी ओलांडून थेट तोफांच्या तोंडावर चाल केली. होळकरांच्या गोलंदाजांनी जागा सोडली नाही, इंग्रजांची मोठी हानी केली, आणि तरीही दिवस हातचा गेला. मग घोडदळ काय करत होतं? तुळसाबाईंच्या खुनानंतर हुकूम नेमका कोणाचा चालत होता? पायदळाच्या पलटणींचे पगार किती थकले होते? यातला एकच प्रश्न घ्या. तोही मोठा वाटला तर आणखी कापा. 'होळकरांच्या पलटणींचा थकलेला पगार, १८११ ते १८१७' या नावाचा लेख मी आनंदाने वाचेन. 'महिदपूर : एक अभ्यास' हे नाव दिसलं की मला चहा आठवतो.

आणखी एक उदाहरण देतो, कारण ते आपल्या मातीतलं आहे. जुलै १८०४ मध्ये कर्नल मॉन्सन मुकुंदवाड्याच्या खिंडीतून मागे फिरला आणि यशवंतराव होळकर त्याच्या मागे लागले. कोटा सोडल्यावर चिखलात रुतलेल्या तोफा इंग्रजांनी निकामी करून सोडून दिल्या, पुढे बनासचा पूर आडवा आला, आणि ऑगस्टअखेर पलटणीचे उरलेसुरले लोक आग्र्याला पोचले. इंग्रजी पुस्तकांत हा प्रसंग बहुधा मॉन्सनच्या घाबरटपणाची गोष्ट म्हणून येतो. ज्याने भर पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतातून बैलगाडी काढली आहे, तो वेगळं विचारेल : यशवंतरावांच्या तोफा त्याच चिखलातून कशा आल्या? हा प्रश्न ज्याला सुचला त्याचा अर्धा लेख झालाच.

'महू' म्हणजे 'मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर', असं लिहिलं तर चालेल ना? सगळेच लिहितात.

नाही चालणार. वर्षातून दोनदा तरी हे वाक्य कच्च्या लेखात येतं, आणि दर वेळी महूचे आमचे सुभेदारसाहेब कपाळाला हात लावतात.

छावणी पडली १८१८ साली, मंदसौरच्या तहानंतर, माल्कमच्या देखरेखीखाली, आणि ती महू गावाजवळ पडली. गाव आधी, छावणी नंतर. शिवाय आद्याक्षरं जोडून शब्द पाडायची चाल विसाव्या शतकात रुळली. १८१८ च्या कारकुनाला ती सुचली असेल असं मानायला काही आधार नाही. हे वाक्य लेखात दिसलं की लेख तपासणाऱ्या जाणकाराचा, म्हणजे रिव्ह्यूअरचा, तुमच्या उरलेल्या शंभर वाक्यांवरचाही विश्वास उडतो. 'सगळे लिहितात' हा पुरावा नव्हे, आणि या विषयात तर ती धोक्याची घंटा समजावी. गावाचं आजचं अधिकृत नाव डॉ. आंबेडकर नगर आहे; लेखात कोणत्या काळाबद्दल बोलताय त्याप्रमाणे नाव वापरा आणि पहिल्या उल्लेखात एकदा खुलासा करा.

कोणत्या जर्नलला पाठवू?

आधी आपला लेख कोणत्या घरचा आहे ते ओळखा. ढोबळमानाने तीन घरं आहेत आणि तिघांचे रीतिरिवाज वेगळे.

पहिलं घर इतिहासाचं. इथे कागद बोलतो. अमेरिकेतल्या सोसायटी फॉर मिलिटरी हिस्टरीचं 'जर्नल ऑफ मिलिटरी हिस्टरी' १९३७ पासून वेगवेगळ्या नावांनी निघत आलं आहे. १९९४ पासून 'वॉर इन हिस्टरी' निघतं, ऑस्ट्रेलियातून 'वॉर अँड सोसायटी'. गेल्या काही दशकांत या घराची आवड पालटली आहे. कोण कुठून चढला आणि कोण कुठे पडला एवढ्यावर आता भागत नाही. दाणागोटा कुठून आला, बंजाऱ्यांचे तांडे कोणाला धान्य विकत होते, सावकाराने कर्ज का दिलं, जखमींचं काय झालं, हेही विचारतात. मराठी कागदांत नेमकं हेच ठासून भरलेलं असतं, हे आपलं भाग्य.

दुसरं घर धोरणाचं. 'इंटरनॅशनल सिक्युरिटी', 'जर्नल ऑफ स्ट्रॅटेजिक स्टडीज', आणि आपल्याकडे मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्थेची 'स्ट्रॅटेजिक अ‍ॅनालिसिस' आणि 'जर्नल ऑफ डिफेन्स स्टडीज'. ही संस्था १९६५ ची. या घरात नुसता प्रसंग सांगून चालत नाही. त्यातून एखादा सिद्धान्त तपासावा लागतो किंवा धोरणाबद्दल काहीतरी ठाम म्हणावं लागतं. इतिहासवाल्यांना हे उथळ वाटतं, यांना इतिहासवाले कारकून वाटतात. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे.

तिसरं घर सेनादलांच्या अंगणातलं. युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन ऑफ इंडिया १८७० साली सिमल्याला स्थापन झाली आणि तिचं जर्नल पुढच्याच वर्षापासून निघतं आहे. जमिनीवरच्या युद्धासाठी 'क्लॉज', हवाई शक्तीसाठी 'कॅप्स', सागरी विषयांसाठी नॅशनल मेरिटाइम फाउंडेशन, या दिल्लीतल्या संस्थांचीही प्रकाशनं आहेत. इथला वाचक गणवेशातला किंवा नुकताच गणवेश उतरवलेला. लेख आटोपशीर हवा, भाषा सरळ, तळटीपा बेताच्या. पहिला लेख असेल आणि लेखक फौजी असेल तर मी याच घराचं दार दाखवतो.

जर्नल ठरवायची आमची युक्ती अगदी घरगुती आहे. तुमच्या तळटीपांत ज्या जर्नलचं नाव सगळ्यांत जास्त वेळा आलंय, त्याचे गेल्या दोन वर्षांचे अंक चाळा. एकदाही आलं नसेल तर तिकडे पाठवू नका.

मराठीतच लिहिलं तर?

जरूर लिहा. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चं आहे आणि त्याच्या त्रैमासिकात छापलेला एखादा चार पानांचा कागद पन्नास वर्षांनी कोणाच्या तरी इंग्रजी ग्रंथाचा कणा होतो. मात्र नोकरी-बढतीच्या हिशेबात तुमचं विद्यापीठ त्याला किती गुण देईल ते आधी विचारून घ्या. आणि इंग्रजीत लिहायचं असलं तरी आधी मराठीत विचार करून घ्या, असं मी मुद्दाम सांगतो.

कारण शब्द. 'गनिमी कावा' याचं सरळ 'गुरिल्ला वॉरफेअर' केलंत की गेला तो. 'कंपू' म्हणजे छावणी नव्हे. महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या द बॉयन या युरोपी सेनानीने उभी केली तशी कवायती पलटणींची, तोफखान्यासह असलेली तुकडी. 'बिनी' (आघाडी), 'चंदावल' (पिछाडी), 'पायगा' (सरकारी घोडदळ), 'हुजुरात' (धन्याची खास फौज), 'गारदी' (कवायती पायदळ) हे शब्द तसेच ठेवा, पहिल्यांदा एका ओळीत अर्थ द्या, आणि पुढे निःशंक वापरा. 'बुणगे' तर फार महत्त्वाचे. बखरकार लाखाची फौज म्हणतो तेव्हा त्यात लढणारे किती आणि बाजार, बायका-मुलं, मोतद्दार, घसारे किती, हे न बघता आकडा उचलला की तुमचा सगळा युक्तिवाद फुगतो. बखर बहुतेकदा घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी, कोणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेली असते. ती जरूर वाचा, पण पत्राच्या शेजारी ठेवून.

मोडी आलीच पाहिजे का?

अठराव्या-एकोणिसाव्या शतकावर लिहिणार असाल तर आलीच पाहिजे. छापील साधनं पुष्कळ आहेत. सरदेसाईंनी संपादित केलेल्या पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचेच ४५ खंड आहेत. पण 'निवडक' या शब्दाकडे लक्ष द्या. निवडणाऱ्याला राजकारणात रस होता म्हणून हिशेबाचे कागद मागे राहिले असू शकतात, आणि तुमचा लेख कदाचित त्या मागे राहिलेल्यांत आहे.

तारखा जुळत नाहीत. काय करू?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी पहिल्यांदा शाबासकी देतो, कारण बाकीच्यांना तारखा जुळत नाहीत हे कळतच नाही.

पत्रावर 'छ' लिहून पुढे आकडा आणि मुसलमानी महिना असतो. हा 'छ' म्हणजे चंद्र. चांद्र तारीख सूर्यास्ताला बदलते, म्हणून रात्री लिहिलेल्या पत्राची इंग्रजी तारीख एका दिवसाने चुकू शकते. वर्ष असतं सुहूर सनाचं, आणि तेही अरबी शब्दांत, एकं-दहं-शतं असं उलट्या क्रमाने. 'समान अशर मयातैन व अलफ' म्हणजे आठ, दहा, दोनशे आणि हजार : १२१८. यात ५९९ मिळवले की १८१७. इथवर सगळे बरोबर येतात.

पण हा सन मृग नक्षत्र लागतं तेव्हा, जूनच्या सुरुवातीला पालटतो. त्यामुळे १२१८ हे साल जून १८१७ पासून पुढच्या मृगापर्यंत चालतं, आणि जानेवारी ते मृग या महिन्यांसाठी ६०० मिळवावे लागतात. आमच्याकडच्या एका मुलाने सरसकट ५९९ मिळवले. लेखात मंदसौरचा तह जानेवारी १८१७ मध्ये झाला, म्हणजे महिदपूरची लढाई व्हायच्या अकरा महिने आधी होळकर शरण आले! त्याने स्वतः तीनदा वाचलं होतं. त्याच्या मार्गदर्शकांनीही वाचलं होतं. चूक पकडली ती आमच्यातल्या एका निवृत्त बँकवाल्या काकांनी, ज्यांना इतिहासातलं काही कळत नाही पण बेरीज चुकलेली दिसते.

तळटीपेत मूळ तारीख जशीच्या तशी द्या आणि मग कंसात रूपांतर. रूपांतर चुकलं तर पुढचा माणूस दुरुस्त करू शकेल.

कागद कुठे बसून बघायचे?

मध्य भारतातल्या संस्थानांबद्दल इंग्रजांचा पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. सेंट्रल इंडिया एजन्सीची दफ्तरं त्यातलीच. 'अभिलेख पटल' या त्यांच्या संकेतस्थळावर यादी घरबसल्या शोधता येते आणि काही कागद वाचताही येतात. त्यांचं एक प्रादेशिक कार्यालय भोपाळला आहे. पेशवे दफ्तर पुण्याला. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद. जाण्याआधी फाइल क्रमांकांची यादी करून जा. पहिल्या दिवशी फाइल हातात येते ती बहुतेक वेळा जेवणाच्या सुट्टीच्या थोडी आधी.

आणि एक दिवस मैदानावर जा. महिदपूर इथून काही फार लांब नाही. क्षिप्रेचा काठ, उतार, चढ पायाने मोजल्याशिवाय तोफांच्या जागेबद्दल वाक्य लिहू नका. पात्र बदललेलं असू शकतं, हेही लिहा.

१९६२, १९६५, १९७१ चे कागद मिळतात का?

थोडे, आणि चिकाटीने. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धांच्या इतिहासाबाबत धोरण मंजूर केलं. सेनादलांनी वॉर डायऱ्या, ऑपरेशनल रेकॉर्ड बुकं वगैरे मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे सोपवायची, साधारण २५ वर्षांनी ती खुली करायची, आणि त्याहून जुने कागद तज्ज्ञांनी तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे पाठवायचे. युद्ध संपल्यावर दोन वर्षांत समिती आणि पुढच्या तीन वर्षांत इतिहास तयार, असंही त्यात आहे. कागदावर उत्तम. पण '२५ वर्षं झाली, आता द्या' असं खिडकीवर म्हणता येत नाही. 'साधारण' या शब्दात बरंच काही मावतं. १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल १९६३ चा आहे आणि सरकारने तो अजून अधिकृतपणे खुला केलेला नाही, जरी त्याचा मोठा भाग २०१४ मध्ये इंटरनेटवर आला.

माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो, पण कलम ८(१)(अ) खाली सुरक्षेच्या कारणावरून नकार येतो, आणि वीस वर्षांपेक्षा जुन्या माहितीची सवलत या कारणाला लागू नाही. म्हणून अर्ज नेमका करा. 'युद्धाचे सर्व कागद' मागितले की नकार ठरलेला. अमुक युनिटची अमुक महिन्याची डायरी कोणत्या कार्यालयाच्या ताब्यात आहे, एवढंच विचारलं तर निदान उत्तर येतं, आणि नकाराचं पत्रही तळटीपेत लावता येतं.

मी अजून नोकरीत आहे. लेख पाठवू शकतो?

आधी लेखी परवानगी. १९५४ च्या आर्मी रूल्सचा २१ वा नियम याच विषयाचा आहे : सेवेत असताना लष्करी किंवा राजकीय विषयावर मंजुरीशिवाय काही छापता येत नाही. टोपणनावही नको. मंजुरीला लागणारा वेळ धरून चाला आणि जर्नलला तसं कळवा. संपादक समजून घेतात.

निवृत्त झालो. आता तर मोकळा?

बराचसा. पण १९२३ चा शासकीय गुपिते कायदा माणसाबरोबर निवृत्त होत नाही. गुप्तचर आणि सुरक्षा संघटनांमधून निवृत्त झालेल्या नागरी कर्मचाऱ्यांसाठी मे २०२१ मध्ये पेन्शनचे नियम आणखी कडक झाले. आपल्या जुन्या संघटनेच्या कामाबद्दल लिहायचं तर आधी परवानगी लागते. शंका असेल तर विचारा. विचारल्याने कोणाची पेन्शन गेलेली नाही.

वडील १९७१ च्या लढाईत होते. त्यांच्या आठवणींवर शोधलेख होईल?

होईल, पण आठवण हा निष्कर्ष नाही, साधन आहे. आमच्या सुभेदारसाहेबांची मुलाखत आम्ही तीन बैठकांत घेतली. पहिल्या बैठकीत त्यांनी एका रात्रीचा हल्ला सांगितला, पौर्णिमेचं चांदणं होतं असं म्हणाले. दुसऱ्या बैठकीला ते स्वतःच पंचांग काढून बसले होते. त्या रात्री चंद्र नव्हताच. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "उजेड होता, हे नक्की. मग तो पलीकडच्या रोशनी-गोळ्यांचा असेल." त्या एका वाक्याने हल्ला आधीच उघडा पडला होता का, असा नवा प्रश्न निघाला. चुकलेली आठवण टाकून दिली असती तर हा प्रश्न हाती लागला नसता.

मुलाखतीची तारीख, जागा, ध्वनिमुद्रण आणि बोलणाऱ्याची लेखी संमती ठेवा. दुसऱ्या जवानाच्या मृत्यूबद्दल काही येत असेल तर त्याच्या घरच्यांचा विचार करा. मुलाखत छापण्याआधी सुभेदारसाहेबांनी आम्हाला दोन परिच्छेद काढायला लावले आणि आम्ही काढले.

राष्ट्रीय सुरक्षेवर ताज्या घटनेबद्दल लिहावं का?

वर्तमानपत्रात लिहा. शोधलेख छापून येईपर्यंत वर्ष-दीड वर्ष जातं, तोवर ती घटना शिळी होते. दहा वर्षांचा बदल दाखवणार असाल, अर्थसंकल्पाचे आकडे, संसदीय समितीचे अहवाल, महालेखापरीक्षकांचे अहवाल अशा उघड साधनांवर उभे राहणार असाल, तर गोष्ट वेगळी. 'विश्वसनीय सूत्रांनुसार' हे शोधलेखात चालत नाही.

रिव्ह्यूत नेमकं काय होतं, आणि किती दिवस लागतात?

संपादक आधी स्वतः बघतो. इथेच बरेच लेख परत येतात. मनाला लावून घेऊ नका, निदान वेळ तरी वाचला. पुढे गेला तर दोन जाणकारांकडे जातो. त्यांना तुमचं नाव कळत नाही, तुम्हाला त्यांचं. म्हणून फाइलच्या गुणधर्मांतून आणि 'माझ्या आधीच्या लेखात मी दाखवलं आहे' अशा वाक्यांतून स्वतःला पुसून टाका. तीन महिने, सहा महिने, कधी आणखी. तीन महिन्यांनी एक नम्र ओळ लिहायला हरकत नाही.

उत्तर आलं की त्या रात्री काही करू नका. पहिला रिव्ह्यूअर बहुधा सौम्य असतो आणि दुसरा असं काही लिहितो की जेवण जात नाही. चार दिवसांनी त्याचा प्रत्येक मुद्दा वेगळा काढा आणि प्रत्येकापुढे काय केलं ते लिहा. पटलं नसेल तर कागद दाखवून नाही म्हणा. माझ्या एका लेखावर 'मराठी साधनं पक्षपाती आहेत, इंग्रजी खलित्यांवर भर द्या' असा शेरा आला होता. मी वाद घातला नाही. एकाच दिवसाबद्दलचा इंग्रजी खलिता आणि मराठी पत्र शेजारी-शेजारी ठेवले, आणि दोघांनी आपापले मेलेले कसे कमी मोजले ते दाखवलं. लेख छापून आला.

एकच लेख एका वेळी दोन जर्नलना पाठवायचा नाही. कधीच नाही.

जर्नलने पैसे मागितले. द्यावेत का?

वर्गणीवर चालणारी जुनी जर्नलं लेखकाकडून सहसा काही घेत नाहीत. लेख सर्वांना फुकट वाचायला खुला ठेवायचा असेल तर काही मोठी प्रकाशनं शुल्क आकारतात, पण ते ऐच्छिक असतं किंवा आधीपासून उघड लिहिलेलं असतं, आणि रिव्ह्यू होऊन लेख स्वीकारल्यानंतरचं असतं.

फसायची पाळी माझ्यावरही आली आहे, म्हणून सांगतो. नाव घेत नाही. ईमेलमध्ये माझी भरपूर स्तुती, नावात 'इंटरनॅशनल', तीन दिवसांत स्वीकृती, एका ओळीचा रिव्ह्यू : 'गुड वर्क'. साडेतीन हजार रुपये भरले. लेख छापला तो यशवंतराव होळकरांचं निधन १८११ ऐवजी १८८१ मध्ये घडवून आणून. दुरुस्तीसाठी चार पत्रं लिहिली. पुढे ते संकेतस्थळच नाहीसं झालं आणि माझ्या यादीत एक न दाखवता येणारा लेख उरला. तेव्हापासून आधी संपादक मंडळातल्या दोघांना थेट लिहून विचारतो : तुम्ही खरंच या मंडळात आहात का? निम्म्या वेळा ते 'कोणतं मंडळ?' असं विचारतात.

जर्नल यूजीसी-केअर या मान्य जर्नलांच्या यादीत आहे का, हे बघायचं ना?

ती यादी आता नाही. २०१८ मध्ये सुरू झालेली ही व्यवस्था बंद केल्याचं यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं आणि निकष ठरवणं संस्थांवर सोपवलं. अजूनही 'केअर लिस्टेड' अशी जाहिरात करणारे भेटतात, त्यांना नमस्कार करून पुढे जा. प्रबंध सादर करण्याआधी लेख छापलेला असलाच पाहिजे ही यूजीसीची सक्तीही २०२२ च्या नियमांत राहिली नाही, पण तुमच्या विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते.

वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या यंत्रात साम्य दहा टक्क्यांपेक्षा जास्त आलं तर?

२०१८ च्या यूजीसी नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंत किरकोळ धरतात, त्यावर कारवाईच्या पायऱ्या. अवतरणं आणि संदर्भ वगळून मोजायचं असतं. पण यंत्र शब्द पकडतं, कल्पना नाही. दुसऱ्याने शोधलेला मोडी कागद आपणच शोधला असं भासवलं तर साम्य शून्य टक्के येईल, आणि तरी ती चोरीच.

एआय वापरू का?

इंग्रजी वाक्यं सरळ करायला वापरलंत आणि जर्नलच्या नियमाप्रमाणे तसं सांगितलंत तर बहुतेक ठिकाणी चालतं. संदर्भ मागू नका. आमच्याकडे आलेल्या एका लेखात सहा सुंदर तळटीपा होत्या. त्यातल्या दोन ग्रंथांचा पत्ता कुठल्याच ग्रंथालयाला नव्हता. मुलगी रडवेली झाली. तिने ते लपवलं नव्हतं, तपासलं नव्हतं.

नकाशा कोणता लावू?

शक्य तर स्वतः काढा. भारताची बाह्य सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच हवी. १९६१ च्या कायद्याप्रमाणे विसंगत नकाशा छापणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. परदेशी जर्नलं आपल्या ठरलेल्या पार्श्वनकाशावर तुमची लढाई टाकून देतात आणि काश्मीरची रेघ भलतीच येते. प्रूफ आलं की आधी नकाशा बघा. लढाई महिदपूरची असेल तर सबंध देश दाखवायची गरजच काय? क्षिप्रा, उतार, गाव आणि अंतराची पट्टी दाखवा.

ही परदेशी जर्नलं इंदुरात वाचायची कशी? वर्गणी परवडत नाही.

१ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना आहे. सरकारी उच्चशिक्षण संस्थांमधल्या लोकांना तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नलं मिळतात. तुम्ही सरकारी महाविद्यालयात असाल तर ग्रंथपालांना विचारा. कित्येकदा सोय असते पण लॉगिन कोणी मागितलेलं नसतं. संस्थेबाहेर असाल तर लेखकालाच लिहा. दहातले सात-आठ आनंदाने फाइल पाठवतात. त्यांचंही कोणी वाचत नसतं हो!

मी लेख आणला तर तुम्ही वाचाल का?

वाचू. छापून आणा, दोन प्रती, मोठ्या अक्षरात. दोन जणांचे मोतीबिंदू झाले आहेत. पहिलं पान आणि तळटीपा आम्ही त्याच दिवशी वाचतो, उरलेलं घरी नेतो. ज्या कागदावर तुमचं सगळं म्हणणं उभं आहे त्याची छायाप्रतही आणा, कारण सुभेदारसाहेब पहिल्यांदा तीच मागतात. पोहे आम्ही आणतो, शेव ज्याची त्याने आणायची.